पाचांचं एकमत

सोमवार, ४ मार्च

युनॅनिमसली.

हा एक शब्द आज मी किती वेळा वाचला कोण जाणे. चौकशी समितीचा अहवाल सकाळी माझ्या टेबलावर येऊन पडला. सहा पानं, इंग्रजीत – देणगीदारांना इंग्रजीच लागतं. शेवटच्या पानावर ते वाक्य. कॅप्टनच्या मृत्यूला दुपारपाळीच्या मावशी जबाबदार आहेत आणि त्यांना कामावरून कमी करावं, असं समितीने युनॅनिमसली ठरवलं. खाली पाच नावं. पाचवं माझं.

माझं! मी हात वर केला नव्हता.

सभा होऊन नऊ दिवस झाले. त्या दिवशी या वहीत काही लिहिलं नाही. घरी आले, न जेवता झोपले, दुसऱ्या दिवशी कामावर गेले. तेव्हाच लिहायला हवं होतं. आता लिहिते.

आमच्या वृद्धाश्रमाच्या मागच्या बाजूला कपडे धुण्याची खोली आहे. तिचं दार बाहेर गल्लीत उघडतं. त्याची कडी दोन महिने लागत नव्हती. ओढलं की अडकल्यासारखं वाटायचं, ढकललं की उघडं. कॅप्टन त्या दारातून गेले. दुपारी, जेवणानंतर, सगळे पडलेले असताना. मावशी तेव्हा सात नंबरच्या आजींना स्वच्छ करत होत्या. एकटी बाई, एकवीस म्हातारी माणसं! कॅप्टन पंपहाऊसच्या मागच्या चरात सापडले, खुबा मोडलेला. चार दिवसांनी गेले.

ते काही कॅप्टन नव्हते. आयुष्यभर नदीवरची फेरीबोट चालवली. रोज संध्याकाळी विचारायचे, "शेवटची फेरी सुटली का?" मी म्हणायचे, "थांबवून ठेवलीय तुमच्यासाठी. आधी दहा पावलं टाका."

अर्धांगवायूनंतर त्यांना मीच चालायला शिकवलं. आठ महिने. आधी दोन दांड्यांच्या मध्ये, मग चार पायांच्या काठीवर, मागून कमरेचा पट्टा माझ्या मुठीत. माझ्या नोंदवहीत त्यांची सगळ्यात लांब चाल ऐंशी पावलं आहे. दारापासून पंपहाऊसपर्यंत मी परवा मोजत गेले. अकराशे चाळीस.

सभेत मॅनेजर म्हणाला, "दार नादुरुस्त असल्याचं मला कुणीही सांगितलं नव्हतं." धडधडीत खोटं. मावशींनी त्याला तीनदा सांगितलं. एकदा तर माझ्यासमोर, माझ्याच खोलीच्या दारात उभं राहून. मग अध्यक्ष म्हणाले, "चला, पाचामुखी परमेश्वर. हात वर करा." चार हात वर गेले. मी टेबलाकडे बघत होते. टेबलावर पाण्याच्या ग्लासाचं गोल ओलं वर्तुळ होतं, ते मला अजून दिसतं.

मंगळवार, ५ मार्च

खाली भावाकडे गेले. धाकटा भाऊ कॉलेजात इंग्रजी शिकवतो. त्याला कोणी शब्द विचारला की त्याचं जेवण थंड होतं.

"ताई, त्याचे दोन तुकडे कर. यून म्हणजे एक. अ‍ॅनिमस म्हणजे मन, जीव. लॅटिन आहे. सगळ्यांचा मिळून एक जीव झाला, तर युनॅनिमस."

"आणि एक जण गप्प बसला तर?"

"विरोधात कोणीच नसेल तर काही ठिकाणी चालवून घेतात. पण काटेकोर माणूस तसं लिहिणार नाही. तो लिहील, कोणी विरोध केला नाही. एवढंच." मग बोटाला लागलेली भाजी चाटत म्हणाला, "या शब्दाला कमीजास्त नसतं बघ. 'व्हेरी युनॅनिमस' लिहिलं की मी पेपरात लाल रेघ मारतो. एक माणूस फुटला की शब्द गेला. मग 'ऑलमोस्ट' लावायचं आणि लाजत लिहायचं."

"मराठीत?"

"मराठीत गंमत आहे. एकमताने वेगळं आणि सर्वानुमते वेगळं. सर्वानुमते म्हणजे सगळ्यांनी अनुमती दिली. अनुमती देणारा मनातल्या मनात शिव्या घालत असला तरी चालतो."

"मी अनुमतीही दिली नाही."

"मग काय दिलंस?"

त्याने सहज विचारलं. भाजी वाढून घेत. मी ताडकन उठले आणि वर आले. दार इतक्या जोरात आपटलं की वहिनी खालून ओरडली, "काय पडलं?"

बुधवार, ६ मार्च

क्लार्कला गाठलं. सभेचं इतिवृत्त त्यानेच लिहिलं. सडपातळ, घाबरट माणूस. शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि तिन्हींना टोपणं.

"युनॅनिमस कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही मॅडम. जे दिसलं ते लिहिलं."

"काय दिसलं?"

त्याने कागद नीट करायला घेतले. "विरोध नोंदवला गेला नाही, मॅडम."

नोंदवला गेला नाही! म्हणजे मी टेबलावर उभं राहून बोंबलायला हवं होतं. मौन म्हणजे संमती, हा यांचा नियम. यांच्या मते तर कॅप्टनसुद्धा आता सगळ्याला संमती देत पडलेत.

गुरुवार, ७ मार्च

चोर सोडून संन्याशाला फाशी. दुसरं काही लिहावंसं वाटत नाही.

शुक्रवार, ८ मार्च

मॅनेजरने चहाला बोलावलं. त्याच्या खोलीत नवी खुर्ची आहे, फिरणारी, आणि तो बोलताना ती अर्धी अर्धी फिरवत राहतो.

"तुम्ही क्लार्कला काहीतरी बोललात म्हणे."

"अहवालात चूक आहे."

"मॅडम, हे दिवस एकजुटीचे आहेत. बाहेर लोक बोटं दाखवायला टपलेत. आपण एका कुटुंबासारखं राहिलं पाहिजे."

मी म्हटलं, "मावशी बावीस वर्षं इथे होत्या. त्या कुटुंबात कुणाच्या कोण?"

खुर्ची फिरायची थांबली. "त्यांच्या प्रमाणपत्रावर मी 'निष्काळजीपणा' एवढंच लिहिलंय. पोलिसात दिलं नाही. हे उपकार समजा."

उपकार! त्या एका शब्दामुळे त्यांना कुठलाच आश्रम, कुठलंच हॉस्पिटल दारात उभं करणार नाही. पंचावन्न वर्षांच्या बाईला दुसरं काय काम येतं? म्हाताऱ्या माणसांना उचलायचं, पुसायचं, भरवायचं, त्यांच्या शिव्या खायच्या आणि तरी हसायचं – एवढंच त्या शिकल्या. आमच्यातल्या कुणाहीपेक्षा चांगलं शिकल्या.

मागच्या दाराला आता नवं कुलूप आहे. पितळी, चकचकीत. ते बघितलं की अंगाचा तिळपापड होतो. एका तासाचं काम होतं!

आणि हे एकीचे गोडवे गाणारे लोक! एकी कधी हवी असते यांना? आया लोकांनी जादा माणूस मागितला तेव्हा हवी होती का? तेव्हा प्रत्येकीला वेगवेगळं बोलावून घेतलं होतं. वरची माणसं एकत्र आली की ती संस्था, खालची आली की तो गोंधळ.

रविवार, १० मार्च

कॅप्टनची मुलगी विमानाने आली आहे. सामान न्यायला आश्रमात आली होती. सामान म्हणजे काय – दोन स्वेटर, दाढीचा डबा, एक शिट्टी. मॅनेजर फुलं घेऊन उभा होता. तिने फुलं घेतली आणि शेजारच्या टेबलावर ठेवली.

मग माझ्या खोलीत आली. दोन दांड्यांवरून हात फिरवत विचारलं, "बाबा खरंच एवढं लांब चालत गेले?"

"हो."

"मी त्यांना शेवटचं बघितलं तेव्हा चमचा धरता येत नव्हता. हे तुम्ही केलंत?"

मला हो म्हणवेना. नाही तरी कसं म्हणू? मी शिकवलं नसतं तर ते खाटेवरच राहिले असते. जिवंत. हे मी कुणापाशी बोलले नाही. मी नुसती मान हलवली. तिने माझे दोन्ही हात धरले आणि रडली. आभार मानत होती! मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

डोळे पुसून म्हणाली, "तो अहवाल मी वाचला. त्या मावशी फोनवर बाबांशी माझं बोलणं करून द्यायच्या. रिसीव्हर कानाशी धरून उभ्या राहायच्या, अर्धा अर्धा तास. त्यांच्याबद्दल तुम्हा सगळ्यांचं खरंच एकमत होतं?"

"नाही. माझं नव्हतं. मी हात वर केला नाही."

"मग तसं लिहून द्या ना. मी पुढे बघते. पण आतल्या कुणीतरी लिहून दिलं पाहिजे."

सोमवार, ११ मार्च

दिलं. एक पानी अर्ज, मराठीत. मी ठरावाच्या बाजूने हात वर केला नव्हता. अहवालातला 'युनॅनिमसली' हा शब्द काढावा. चौकशी पुन्हा करावी.

भावाने वाचून एक काना दुरुस्त केला आणि म्हणाला, "दाराचं काही लिहिलं नाहीस?"

"ते नंतर. आधी शब्द जाऊ दे. शब्द गेला की बाकीचं आपोआप कोसळेल."

त्याने कागदाची घडी घालून परत दिला. तो गप्प राहिला की मला जास्त राग येतो.

बुधवार, १३ मार्च

अध्यक्षांनी घरी बोलावलं. मोठं घर, गार फरशी, भिंतीवर स्वतःचे सत्कार. शांत माणूस आहे. आवाज चढवत नाही, म्हणून सगळे त्याला भला माणूस म्हणतात.

"तुम्ही आम्हा चौघांना खोटं ठरवताय."

"मी फक्त माझ्या हाताबद्दल लिहिलंय."

"पोरी," – मी सत्तेचाळीस वर्षांची आहे – "रागाच्या भरात माणसाला काहीही आठवतं. त्या दिवशी खजिनदार परगावी होते, लॅपटॉपवरून सभेला बसले होते. त्यामुळे पूर्ण सभेचं रेकॉर्डिंग आहे. हवं तर बघा."

मला हे माहीतच नव्हतं. म्हणजे तो लॅपटॉप टेबलाच्या टोकाला होता हे आठवतं, रेकॉर्डिंग चालू होतं हे नाही. मी म्हटलं, "बघणारच. आणि त्यांच्या मुलीलाही दाखवणार."

ते हसले. कीव केल्यासारखे हसले! एवढा निर्ढावलेपणा! पुरावा स्वतःच्या तोंडाने सांगायचा आणि वर हसायचं.

आता बघतेच. पाचामुखी परमेश्वर काय बोलला ते सगळ्यांना दिसेल.

शनिवार, १६ मार्च

मावशींकडे गेले. आधीच जायला हवं होतं. तोंड नव्हतं, म्हणून टाळत होते.

एक खोली, जिन्याखाली. सुनेच्या शिलाईमशीनने अर्धी खोली व्यापलेली. मावशी खाली बसून ब्लाउजांना हूक लावत होत्या. मला बघून उठायला लागल्या. मी म्हटलं, "बसा हो." तरी उठल्याच. पाटावर स्वच्छ कपडा टाकला, मला बसवलं, मगच बसल्या.

"कॅप्टनची मुलगी आली होती इथे," म्हणाल्या. "माझ्या पाया पडायला लागली. मी म्हटलं बाई, मी तुमच्या वडलांना सांभाळू शकले नाही, आणि तुम्ही माझ्या पाया पडता?"

"तुमची चूक नव्हती."

"ते तुम्ही म्हणता. माझ्या मनाला विचाराल तर... सात नंबरच्या आजींचं आवरत होते ना मी, तेव्हा दार वाजलेलं मला ऐकू आलं होतं. वाटलं वाऱ्याने. ते दार वाऱ्याने वाजायचंच. बघून यावं असं आलं मनात. पण आजी तशा उघड्याच पडल्या होत्या, त्यांना सोडून कशी जाऊ?" हातातला हूक तसाच राहिला. "हे मी सभेतसुद्धा सांगितलं. तुम्ही होताच की."

होते. सांगितलं त्यांनी. कुणी विचारलं नसताना सांगितलं. अहवालात ते 'कबुली' म्हणून आलं आहे.

मी त्यांना अर्जाचं सांगितलं. रेकॉर्डिंगचं सांगितलं. म्हटलं, "मी हात वर केला नव्हता, मावशी. तुम्हाला हे कळावं म्हणून आले."

त्या हसल्या. "ते काय सांगायला हवं? तुम्ही नाही करायच्या, बाई. सून म्हणत होती, पाचही जणांनी केला, कागदावर लिहिलंय. मी तिला म्हटलं, कागदाला काय अक्कल असते?"

निघताना माझ्या ओढणीची सुटलेली कड त्यांना दिसली. तिथल्या तिथे चार टाके घातले. मी उभी, त्या गुडघ्यांवर.

घरी येईपर्यंत डोक्यात नुसता जाळ. या बाईवर पाच माणसांनी एक जीव होऊन दगड टाकला म्हणे! चौघांनी. चौघांनी टाकला.

सोमवार, १८ मार्च

क्लार्क रेकॉर्डिंग देत नाही. सकाळी मागितलं, म्हणाला संगणक बंद आहे. दुपारी मागितलं, म्हणाला परवानगी लागेल. मी म्हटलं, "अध्यक्षांनी स्वतः सांगितलंय, बघा म्हणून."

"मॅडम, नका बघू," तो म्हणाला. अगदी हळू. "अर्ज मागे घ्या आणि सोडून द्या. मी अहवालात दुरुस्ती करून बघतो. 'बहुमताने' लिहितो. माझ्या जबाबदारीवर. मुलीलाही तेवढं पुरेल."

माझा तोल गेला. सगळ्या ऑफिससमोर. "तुमच्या जबाबदारीवर? मॅनेजरने मान हलवली की हलवायची, एवढीच जबाबदारी तुमची! नंदीबैल आहात तुम्ही. त्या बाईचं आयुष्य मातीत गेलं आणि तुम्ही खोट्याला टोपणं लावत बसलात!"

दोन आया दारात उभ्या होत्या. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. कान लाल झाले होते.

"उद्या सकाळी नऊला लावतो," म्हणाला.

बरं झालं बोलले. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

मंगळवार, १९ मार्च

बघितलं.

क्लार्क खोलीत थांबला नाही. सुरू करून दिलं आणि बाहेर गेला. अध्यक्ष म्हणतात, हात वर करा. चार हात वर जातात. मी टेबलाकडे बघते आहे. मग मान वर करते, डावीकडे बघते, उजवीकडे बघते. आणि माझा हात वर जातो. पूर्ण. कोपर सरळ. अध्यक्ष म्हणतात, "छान, एकमत." आणि मी किंचित हसते.

तीनदा बघितलं. तिन्ही वेळा हसले.

क्लार्कची माफी मागितली. दोन आयांसमोर. तो म्हणाला, "असू दे मॅडम." मला ते असू देता येत नाही.

पहिला अर्ज परत घेतला. दुसरा लिहून तिथेच दिला, एक प्रत मुलीला पाठवली. मी हात वर केला होता. दार मोडकं आहे हे मला माहीत होतं. मावशींनी मॅनेजरना ते सांगितलं तेव्हा मी तिथे उभी होते. हे मी सभेत बोलले नाही. खाली सही, तारीख.

आता मावशींकडे निघाले आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी.